डॉम मोराईसच्या कविता घेऊन गोव्यात चार दिवस

१६ जुलै, कवळे

सांगलीहून पहाटे निघाले तेव्हा पाऊस नव्हता. बेळगाव मागे पडलं आणि तो सुरू झाला. अनमोड घाटात तर काचेबाहेर नुसता पांढरा पडदा होता. गाडीतलं कुणी बोलत नव्हतं, ड्रायव्हर वळणावळणावर भोंगा वाजवत होता. मोल्याला उतरणीचा रस्ता संपला तेव्हा सगळ्यांनी एकदमच सुस्कारा सोडला.

कवळे हे माझ्या आईचं माहेर. शांतादुर्गेच्या देवळापासून चालत दहा मिनिटांवर मामांचं घर आहे. पोचले तेव्हा मामी आळमीं निवडत बसल्या होत्या. पहिल्या पावसानंतर रानात वारुळांवर उगवणारी ही अळंबी वर्षातून जेमतेम काही आठवडे मिळते आणि भाव ऐकून धडकी भरते. भाची येणार म्हणून मामांनी ती सकाळीच आणून ठेवली होती.

पिशवीतून कपड्यांआधी पुस्तकं निघाली. मामा म्हणाले, "कितें गो, इतलीं पुस्तकां! कोण हो?"

मी नाव सांगितलं, डॉम मोराईस. त्यांनी लगेच दुरुस्ती केली. "मोरायश म्हण. आमच्याकडे मोरायश म्हणतात." पोर्तुगीज वळणाचा तो शेवटचा 'श' माझ्या जिभेवर कधीच नव्हता. तीस वर्षं कॉलेजात इंग्रजी शिकवलं, त्यातली निदान वीस वर्षं या कवीला वाचत आले, आणि त्याच्या आडनावाचा इथला उच्चार मला आज कळला.

मे महिन्यात निवृत्त झाले. तेव्हाच ठरवलं होतं की एकदा त्याच्या कविता घेऊन गोव्यात यायचं. याला म्हटलं तर काही आधार नाही. डॉमचा जन्म मुंबईचा, १९ जुलै १९३८चा. घराणं गोव्याच्या ख्रिस्ती लोकांचं, पण गोवा त्याच्या वाट्याला आला तो नावातून आणि रक्तातून. वडील फ्रँक मोराईस, 'टाइम्स ऑफ इंडिया'चे पहिले भारतीय संपादक आणि पुढे 'इंडियन एक्स्प्रेस'चे. दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशच्या आघाडीवरून बातम्या पाठवणारे. मुलगा लहानपणी त्यांच्याबरोबर श्रीलंका, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड असा फिरला. तेराव्या वर्षी त्याचं क्रिकेटवरचं पुस्तक छापून आलं. पुढे ऑक्सफर्डला जीझस कॉलेज. १९५७ साली 'अ बिगिनिंग' हा पहिला कवितासंग्रह आणि १९५८ साली त्यालाच हॉथॉर्नडेन पुरस्कार. तोवर इतक्या लहान वयाच्या कुणाला तो मिळाला नव्हता आणि इंग्रज नसलेल्याला तर नव्हताच.

मामा ऐकत होते. मग त्यांनी एकच प्रश्न विचारला. "त्याला कोंकणी येत होती?"

नाही. मराठीही नाही, हिंदीही नाही. इंग्रजी सोडून एकही भारतीय भाषा त्याला धड येत नव्हती, आणि हे त्याने कधी लपवलं नाही.

या घरात सगळे कोंकणी बोलतात. पेपर मराठी येतो, देवळातली भजनं मराठी, मामांनी माझ्या आईला चाळीस वर्षं पाठवलेली पत्रंही मराठीतच आहेत. लहानपणी मला वाटायचं, सगळ्यांचं असंच असतं, बोलायची भाषा एक आणि लिहायची दुसरी. दोन भाषांत एवढ्या सहज वावरणाऱ्या या माणसांना एकाच भाषेच्या आणि तीही लांबून आलेल्या भाषेच्या कवीबद्दल काय सांगावं, याचा विचार करत झोपले. रात्रभर कौलांवर पाऊस पडत होता.

१७ जुलै, पणजी

सकाळी पाव विकणाऱ्या पोदेराच्या सायकलच्या भोंग्याने जाग आली. गरम उंडे, चहा, आणि नऊच्या कदंबा बसने पणजी. पाटो इथल्या कृष्णदास शामा ग्रंथालयात दिवसभर बसायचं ठरवलं होतं. १८३२ साली सुरू झालेलं हे ग्रंथालय, देशातल्या सर्वांत जुन्या सार्वजनिक ग्रंथालयांत याची गणना होते. नवी इमारत प्रशस्त आहे. खिडकीशी जागा मिळाली आणि मी माझीच दोन पुस्तकं पुढ्यात घेतली.

एक होतं 'माय सन्स फादर', १९६८ सालचं, तिशीत लिहिलेलं आत्मचरित्र. तिशीत आत्मचरित्र म्हटल्यावर मी पहिल्यांदा वाचायला घेतलं तेव्हा जरा आढ्यताच वाटली होती. पण ते पुस्तक आईबद्दलचं आहे. त्याची आई बेरील डॉक्टर होती. तो लहान असतानाच ती मनाच्या आजाराने खचत गेली, हिंसक होऊ लागली, आणि अखेर तिला रुग्णालयात ठेवावं लागलं. वडील कामाने फिरतीवर. घरात एक मुलगा, त्याची पुस्तकं आणि एक आई, जी कुठल्या क्षणी आपली असेल आणि कुठल्या क्षणी नसेल हे सांगता येत नाही. मूल घर शिकतं ते आईच्या भाषेतून. या मुलाला घराचीच भीती बसली. त्याला मातृभाषा का लाभली नाही याचं उत्तर मला शिक्षणपद्धतीत किंवा इंग्रजी राजवटीत शोधावंसं वाटत नाही, या पानांत शोधावंसं वाटतं. हे माझं मत आहे. पण आज तिसऱ्यांदा वाचूनही ते पक्कंच होत गेलं.

दुसरं पुस्तक 'गॉन अवे', १९६० सालचं. ऑक्सफर्डची पदवी घेऊन एकवीस वर्षांचा डॉम १९५९ साली भारतात परतला, लेखक वेद मेहता यांच्याबरोबर भटकला, नेहरूंना भेटला, नुकतेच तिबेट सोडून आलेल्या दलाई लामांना भेटला, आणि नेपाळला गेला. त्यातलं एक प्रकरण मी वर्गात अनेकदा वाचून दाखवलंय. नेपाळचे महाकवी लक्ष्मीप्रसाद देवकोटा तेव्हा कर्करोगाने मरणपंथाला लागले होते. त्यांना पशुपतिनाथाच्या आर्यघाटावर, बागमतीच्या काठी आणून ठेवलं होतं, मरण नदीकाठी यावं म्हणून. हा परदेशातून आलेला पोरगा कवी तिथे पोचला. त्याला नेपाळी येत नव्हती. त्यांच्या 'मुना मदन' या काव्याची एक ओळही त्याने मुळातून वाचलेली नव्हती. देवकोटांना मात्र इंग्रजी उत्तम येत होती, तेही इंग्रजीत लिहीत. एक कवी संपत आला आहे आणि दुसरा नुकता सुरू होतो आहे, मध्ये उसनी भाषा आणि बाजूला नदी. डॉमने ते पत्रकाराच्या डोळ्यांनी टिपलं. अश्रू नाहीत, उपमांची आरास नाही. जे दिसलं तेवढंच.

लोक म्हणतात, पत्रकारितेने त्याच्यातला कवी खाल्ला. त्यांच्याकडे पुरावाही आहे. 'जॉन नोबडी' १९६५चा, त्यानंतर एक छोटं पुस्तक, आणि मग पुढचा संग्रह 'अ‍ॅब्सेन्सेस' थेट १९८३चा. मधली वर्षं युद्धं, दंगली, दुष्काळ यांच्या वार्तांकनात, हाँगकाँगमध्ये नियतकालिकाच्या संपादनात आणि संयुक्त राष्ट्रांच्या लोकसंख्येच्या कामात गेली. मला ते गणित पटत नाही. आर्यघाटावरची ती पानं लिहिणारा माणूस बातमी लिहितानाही कवीच होता. कविता त्याला सोडून गेली त्याची कारणं आणखी खोल असतील. आणि ती परत आली तेव्हा बघा, तिच्यातला तरुणपणीचा परीराजकन्यांचा दिमाख गळून गेला होता. वाक्यं आखूड झाली, चित्रं कोरडी आणि स्वच्छ झाली. हे बातमीदारीनेच दिलं. १९९४ साली 'सेरेंडिप'ला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. सेरेंडिप म्हणजे श्रीलंका, लहानपणी वडिलांबरोबर पाहिलेलं बेट.

दुपारी भाजी-पाव खाऊन आझाद मैदानाशेजारच्या इन्स्टिट्यूट मिनेझिस ब्रागांझाच्या दारातल्या निळ्या फरशा पाहिल्या. झोर्जे कोलासो या चित्रकाराची ही आझुलेजो चित्रं १९३५ सालची. विषय पोर्तुगीज कवी कामोंइशच्या 'लुझियाद' महाकाव्याचा. कामोंइश सोळाव्या शतकात पोर्तुगालहून गोव्यात आला, सैनिक म्हणून. गोव्याच्या नावाचं रक्त नसलेला कवी इथे भिंतभर आहे. गोव्याच्या रक्ताच्या कवीची इथे काही खूण असेल म्हणून मी आले नव्हते, तरी त्या फरशांपुढे उभं राहून वाईट वाटलंच. बाहेर पाऊस असा कोसळत होता की अर्धा तास तिथेच थांबावं लागलं.

१८ जुलै, अग्वाद

आजचा दिवस मामांचा. फेरीबोटीने बेती, तिथून बस. मामा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे, पण छत्री हातात धरायलाही तयार नाहीत, ती काखेत.

अग्वादचा किल्ला १६१२चा. त्याच्या पायथ्याशी समुद्राला लागून जो तुरुंग होता तो आता संग्रहालय झाला आहे. माझ्या आजोबांनी त्या तुरुंगात पंधरा महिने काढले, सत्याग्रहात पकडले गेले म्हणून. मामा तेव्हा लहान होते. एका खोलीच्या दाराशी थांबून ते म्हणाले, "बाबा सांगायचे, समुद्र ऐकू यायचा, दिसायचा नाही."

मी ठरवून आले होते की इथे त्यांना सांगायचं. जे सांगायचं टाळत होते ते. म्हणून भिंतीशी बसल्यावर सांगितलं. १९६१च्या डिसेंबरात भारतीय सैन्य गोव्यात शिरलं आणि साडेचारशे वर्षांची पोर्तुगीज सत्ता दीड दिवसात संपली, तेव्हा त्याविरुद्ध उघड बोललेल्या मोजक्या नामांकित भारतीयांत डॉम मोराईस होता. निषेध म्हणून त्याने आपला भारतीय पासपोर्ट टीव्हीवर फाडला.

मामा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "पासपोर्ट होता म्हणून फाडला. बाबांकडे फाडायला कागद कुठला होता?"

या वाक्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं आणि आजही नाही. डॉम चुकला असं मला स्पष्ट वाटतं. त्याला पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याच्या राजवटीतला गोवा ठाऊक नव्हता. छापण्याआधी वर्तमानपत्रं तपासणारी सेन्सॉरशिप, सभेला बंदी, १९४६च्या जूनमध्ये मडगावात लोहियांना पकडणं, गोवा मुक्तिलढ्याचे नेते त्रिश्तांव ब्रागांझ कुन्यांना इथून पोर्तुगालच्या तुरुंगात नेणं, १५ ऑगस्ट १९५५ला निःशस्त्र सत्याग्रहींवर झालेला गोळीबार. कवळ्याच्या कुठल्याही घरात एक संध्याकाळ बसला असता तरी कळलं असतं. पण बसायला भाषा लागते.

तरी मी त्याची बाजू मांडली, कारण कुणीतरी मांडायला हवी होती. त्याच वर्षी जेरुसलेममध्ये नाझी अधिकारी आइकमनवर खटला चालला होता आणि डॉमने त्याचं वार्तांकन केलं होतं. एका सरकारी अधिकाऱ्याने कागदांवर सह्या करत लाखो ज्यूंना मरणाच्या गाडीत कसं चढवलं, याच्या साक्षी तिथे महिनोन्‌महिने चालू होत्या. १५ डिसेंबरला आइकमनला फाशीची शिक्षा सुनावली गेली. १८ डिसेंबरला भारतीय फौजा गोव्याच्या हद्दीत होत्या. तेवीस वर्षांच्या मुलाच्या मनात या दोन गोष्टी एकमेकींवर आदळल्या असतील का? कुठलंही राज्य, कुठलंही लष्कर त्याला एकाच रंगाचं दिसू लागलं असेल का? मला वाटतं, असेल. ते चूक होतं, तरीही समजण्यासारखं होतं.

"मग पुढे?" मामांनी विचारलं.

पुढे तो भारतात परतला. मुंबईत राहिला, शेवटपर्यंत. १९८० साली त्याने इंदिरा गांधींचं चरित्र लिहिलं. ज्यांच्या निर्णयाविरुद्ध पासपोर्ट फाडला त्यांच्याच मुलीचं. २००२ साली लेखिका सरयू श्रीवत्स यांच्याबरोबर देशभर फिरून 'आउट ऑफ गॉड्स ओव्हन' लिहिलं. जातीय हिंसा, धार्मिक द्वेष, भेगाळलेला देश हाच त्याचा विषय. हा देश आपला आहे की नाही हे त्याला अखेरपर्यंत ठरवता आलं नाही, पण या देशात कोण मारलं जातंय हे बघायला तो म्हातारपणीही जात राहिला.

मामा उठले. म्हणाले, "बाबांना भेटायला हवा होता. बाबा भांडले असते त्याच्याशी." मग थोड्या वेळाने, "पण जेवायला घातलं असतं."

परतताना फेरीत मांडवी गढूळ लाल होती. डोंगरावरची माती उतरून समुद्राकडे चालली होती.

१९ जुलै, बोरी आणि कवळे

आज डॉमचा जन्मदिवस. सकाळी बोरीला जाऊन आले, बसने वीसेक मिनिटं. जुवारीवरच्या पुलावर थोडा वेळ उभी राहिले. बोरी म्हणजे बाकीबाब बोरकरांचं गाव. त्यांच्याबद्दल या घरात मला काही सांगावं लागत नाही, मामींना त्यांच्या अर्ध्या कविता पाठ आहेत. तेही कवी आणि काही काळ संपादक. १९४६नंतर लढ्यात उतरले, मुंबईला जाऊन 'आमचा गोमंतक' चालवला, पुढे आकाशवाणीत गेले. मराठीत लिहिलं, कोंकणीत लिहिलं, आणि १९८१ साली साहित्य अकादमी पुरस्कार कोंकणी 'सासाय'ला मिळाला. एका माणसाला दोन भाषा, एक नदी, एक गाव आणि गाणारे वाचक मिळाले. दुसऱ्याला यातलं काहीच मिळालं नाही, आणि त्यानेही जन्मभर कविताच केली. तुलना करायला मी गेले नव्हते. पुलावर दोघांची आठवण एकदम आली, एवढंच.

२००४ साल मुंबईच्या कवितेला फार जड गेलं. जानेवारीत निसीम इझिकेल गेले, २ जूनला डॉम, सप्टेंबरात अरुण कोलटकर. एका शहराचे तीन कवी. त्यांतला एक मराठीतही लिहिणारा आणि दोघे मराठीच्या शेजारी राहून इंग्रजीत लिहिणारे. डॉमला कर्करोग झाला होता आणि त्याने त्यावर उपचार घ्यायचं नाकारलं. मला पुन्हा आर्यघाट आठवतो. एकवीस वर्षांचा असताना जे मरण त्याने जवळ बसून पाहिलं, तोच आजार पंचेचाळीस वर्षांनी त्याच्याकडे आला.

त्याला शिवडीच्या दफनभूमीत पुरलं. पण गोष्ट तिथे संपत नाही. शेवटच्या वर्षांत तो सरयू श्रीवत्स यांच्यासोबत टॉमस कोरिएट या इंग्रज भटक्यावर 'द लाँग स्ट्रायडर' लिहीत होता. हा कोरिएट सतराव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्लंडमधल्या ऑडकोम नावाच्या खेड्यातून निघाला, बराचसा रस्ता पायी चालत जहांगीर बादशहाच्या मुलखात पोचला, आणि १६१७ साली सुरतेला मेला. तो गावी परत गेलाच नाही. डॉम पुस्तकासाठी त्या खेड्यात गेला होता आणि ते त्याच्या मनात राहिलं. तो गेल्यावर सरयूंनी शिवडीच्या कबरीतली माती ऑडकोमला नेली आणि १९ जुलै २००४ला, त्याच्या जन्मदिवशी, तिथे पुरली. कोरिएट जो रस्ता चालून आला आणि परत जाऊ शकला नाही, त्या रस्त्याने मुंबईची मूठभर माती उलटी गेली.

हे मी मामींना सांगत होते. संध्याकाळ झाली होती, दिवे गेले होते, त्या आदोळीवर बसून नारळ खवत होत्या. तांबड्या गढूळ मांडवीची आठवण होऊन मी जरा थांबले. मामी म्हणाल्या, "त्याची एक कविता म्हण की."

मराठीत सांगते म्हटलं. त्या म्हणाल्या, "नाका. आहे तशी म्हण."

मेणबत्तीशी पुस्तक धरून मी 'कलेक्टेड पोएम्स'मधली एक सुरुवातीची कविता मोठ्याने वाचायला लागले. डॉमने मुक्तछंदाच्या काळातही यमक आणि वृत्त सोडलं नाही. त्याच्या कितीतरी ओळी लघु-गुरूच्या पाच जोड्यांच्या चालीत चालतात. वर्गात हे मी फळ्यावर खुणा करून शिकवायचे आणि मुलं जांभया द्यायची. मामींना इंग्रजीचा एक शब्द येत नाही. त्या धालो म्हणतात, फुगडीची गाणी म्हणतात, गुरुवारच्या भजनाला देवळात पहिल्या ओळीत असतात.

तिसऱ्या ओळीला नारळ खवण्याचा आवाज थांबला. वर पाहिलं तर त्यांचा उजव्या हाताचा अंगठा बोटांच्या पेरांवरून सरकत होता. ओळ संपली की तो करंगळीवर येऊन थांबायचा.

"पांच," त्या म्हणाल्या. "दरेक फावटीं पांच."

मामा दारातून आत आले आणि विचारलं, अर्थ काय. मामींनी त्यांना हातानेच गप्प केलं आणि मला म्हणाल्या, "फुडें वाच."